इंजिन धुतलं, तेल गेलं, पण रंगावर डाग आले. काय करावं?

ओढ्याकाठचा (धागाकर्ता)

राम राम मंडळी. गाडी वॅगन आर, लाल रंग, २०१० ची. पंधरा वर्षं भरली म्हणून पुनर्नोंदणीसाठी आरटीओत न्यायची आहे. चेसिस नंबर फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधली पत्र्याची भिंत) पंच केलेला आहे आणि तो तेलमातीच्या लेपाखाली पार गाडला गेला होता. म्हणून घराजवळच्या वॉशिंग सेंटरवर इंजिन धुऊन घेतलं. तिथल्या पोराने बोनेट उघडून डिग्रीझर (तेलकट मळ सोडवायचं रसायन) फवारला, चहा प्यायला गेला, आल्यावर ब्रश फिरवला आणि प्रेशरने पाणी मारलं. ओली होती तोवर आतली बाजू नव्यासारखी दिसत होती. वाळल्यावर खरं रूप कळलं.

तीन ठिकाणी तीन तऱ्हा आहेत. मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर आणि शॉकअपच्या टोप्यांभोवती पांढुरके ओघळ आहेत, बोट फिरवलं की थोडी पूड लागते. ड्रायव्हरच्या बाजूला मागच्या भिंतीपाशी रंगाला सुरकुत्या आल्यात, नख लावलं तर पापुद्रा निघतो. आणि इंजिनाचे ॲल्युमिनियमचे भाग होते चंदेरी, ते आता राखाडी-काळे झालेत.

वॉशिंग सेंटरवाला म्हणतो, "साहेब, गाडी जुनी आहे, ते आधीपासूनच असणार." डेंटिंग-पेंटिंगवाला म्हणतो, आतून सगळी रंगवू, बारा हजार द्या. त्या गाडीला बारा हजारांचा आतला रंग म्हणजे नाकापेक्षा मोती जड. घरच्या घरी काही होईल का? फोटो जोडले आहेत.

शंकेखोर

सोपा उपाय आहे. बोनेट बंद करा. डाग गेले.

बोनेटबहाद्दर

रबिंग कंपाउंड (रंग घासून चकचकीत करायची पेस्ट) आणा, जुनं बनियन घ्या, दाबून घासा. अर्ध्या तासाचं काम. मी माझ्या दोन्ही गाड्यांना बोनेटखाली दर दिवाळीला करतो. उगाच रसायनशास्त्राचे वर्ग भरवू नका इथे.

अबोली

@ओढ्याकाठचा, पांढरे ओघळ हे डिग्रीझरचे कशावरून? पाण्याचे असतील. तुमच्याकडे बोअरचं पाणी आहे का? आमच्या सोसायटीत टँकर येतो. त्या पाण्याने गाडी धुऊन उन्हात सोडली की काचेवर, रंगावर, आरशावर सगळीकडे पांढरी नक्षी उठते. कॉर्पोरेशनच्या पाण्याने धुतली की काही नाही. वॉशिंग सेंटरं बहुतेक बोअरवरच चालतात.

मिस्त्री_नाना

बोनेटबहाद्दर, थांबा जरा. आणि धागाकर्ते, तुम्ही तर आधी थांबा. बनियन बाजूला ठेवा.

आयुष्य गॅरेजात गेलं म्हणून सांगतो. डाग दिसला की लोक विचारतात "काय लावू?" त्याआधी विचारायचं, "हे आहे काय?" तुमच्या तीन जागांचे तीन वेगळे रोग आहेत आणि तिन्हींना एकच कंपाउंड चोळलंत तर एक बरा होईल, एकाला काही फरक पडणार नाही आणि एक बिघडेल.

ओळखायचं कसं ते सांगतो. पहिल्यांदा इंजिन गार असताना एक डाग साध्या पाण्याने आणि दोन थेंब गाडीच्या शाम्पूने धुवा. स्वच्छ पाणी घ्या, पिण्याचं घेतलंत तरी चालेल, लागतं किती ते? मऊ फडक्याने लगेच कोरडा करा. डाग फिकट झाला तर तो रंगावर नुसता बसलेला मळ आहे, नीट खंगाळलं नव्हतं एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळदा इथेच काम संपतं.

नाही गेला, तर डागावरून बोटाचं टोक फिरवा. टोकाला चढ लागला तर वर काहीतरी बसलंय. खड्डा किंवा खरखर लागली तर रंगच खाल्ला गेलाय. बसलेलं काढता येतं. खाल्लेलं परत येत नाही, फार तर आजूबाजूचा रंग घासून त्याच्या पातळीला आणता येतो.

पाणी लावल्यावर डाग दिसेनासा होतो आणि वाळला की परत उठतो, हे फसवं लक्षण. ते दोन्ही प्रकारांत होतं. वॉशिंग सेंटरवर ओली गाडी बघून पैसे देऊ नयेत ते यासाठीच.

आता तुमचा दुसरा फोटो. सुरकुत्या आलेली जागा ब्रेक ऑइलच्या डबीच्या खाली आहे का? लांबून एक फोटो टाका, मग बोलतो. तिथे हात लावू नका आणि घाई करू नका.

बोनेटबहाद्दर

नाना, तुमच्या अनुभवाला मान आहे. पण माझ्या गाड्या चकाचक आहेत हेही खरं.

रसायनी

वर्ग भरवू नका म्हटलंय, तरी भरवते. मागच्या बाकावरच्यांनी झोपायला हरकत नाही.

वॉशिंग सेंटरवर कॅनमधून येणारे स्वस्त डिग्रीझर बहुधा अल्कलीचे असतात. कॉस्टिक सोडा किंवा सोडियम मेटासिलिकेट, सोबत साबणासारखं काहीतरी आणि एखादा ग्लायकॉल इथर. सामू १२-१३ पर्यंत जातो. तेलाचं काम तमाम करायला हे उत्तम. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग मिनिटभर हे सहन करतो, त्याला काही होत नाही. गडबड होते ती द्रावण वाळल्यावर. गरम पत्र्यावर पाणी उडून जातं, रसायन मागे राहतं आणि प्रत्येक मिनिटाला ते जास्त तीव्र होत जातं. म्हणजे दोष डिग्रीझरपेक्षा त्या चहाचा.

पांढऱ्या ओघळांत दोन गोष्टी असू शकतात. एक, अबोली म्हणते तशी जड पाण्यातली कॅल्शियमची पुटं. ती आम्लात विरघळतात. बाजारातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ४-५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं. ते तेवढ्याच पाण्यात मिसळून फडक्याने मिनिटभर डागावर ठेवायचं, पुसायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं. उरलेली अल्कलीही त्याने मरते, हा दुहेरी फायदा. जिथे रंग उडून लोखंड उघडं पडलंय तिथे व्हिनेगर राहू देऊ नका, दुसऱ्या दिवशी गंज दिसेल.

दुसरी शक्यता सिलिकेटची. मेटासिलिकेट वाळून बसलं की काचेच्या जातीचा पातळ थर होतो आणि व्हिनेगर त्याला दाद देत नाही. त्यासाठी बारीक पॉलिशच लागतं. म्हणून क्रम असा, पाणी-शाम्पू, मग व्हिनेगर, मग पॉलिश. उलटा क्रम लावला तर कॅल्शियमचे कण फडक्याखाली घासले जाऊन रंगावर ओरखडे उठतात.

ॲल्युमिनियमचं दुखणं निराळं. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातं, हायड्रोजन सोडतं. ओतीव भागांत सिलिकॉन आणि तांबं मिसळलेलं असतं, ते कॉस्टिकमध्ये विरघळत नाही, पृष्ठभागावर काळपट साय धरून राहतं. तुमचा राखाडी-काळा रंग तो. थोडा भाग नायलॉनच्या ब्रशने आणि मेटल पॉलिशने निघेल. न काढल्याने इंजिनाचं काही बिघडत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. संडास साफ करायचं ॲसिड किंवा टाइल्सचं ॲसिड या कामाला कुणीही सुचवू नये. ते ॲल्युमिनियमही खातं आणि लोखंडही.

शंकेखोर

मी टाइप करतच होतो. खोडलं.

भटक्या_बुलेट

चिंच आणि रांगोळी कुणी सुचवली नाही अजून? की पितांबरी? आमच्या आज्जीने इंजिन देव्हाऱ्यातल्या समईइतकं लख्ख केलं असतं.

रसायनी

@भटक्या_बुलेट, चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, तांब्यापितळेवर झकास चालतं. रंगावर रांगोळी मात्र नको, ती पडली दगडाची पूड.

टॅक्सीवाल्याचा_नातू

पद्मिनीच्या काळात हे प्रश्नच नव्हते हो. माझ्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी होती, ताडदेव आरटीओची. इंजिन धुणं म्हणजे पंपाने डिझेल मारायचं, कॉटन वेस्टने पुसायचं, वरून पाणी. डिझेल तेलकट असल्यामुळे वाळल्यावर डाग दिसायचे नाहीत, सगळं तुकतुकीत. त्यावर चार दिवसांत दुप्पट धूळ बसायची, ती बसली की पुन्हा डिझेल.

रबरी पायपांची मात्र वाट लागायची. रेडिएटरचे होज फुगून पिचपिचीत व्हायचे. आजोबा दोष रबराला द्यायचे.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे. कुर्ल्याच्या कारखान्यातली गाडी. आजोबा त्याआधीच गेले ते बरं झालं.

रसायनी

रबराबद्दल आजोबांचं निरीक्षण बरोबर. कूलंटचे होज आता बहुधा ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना पाणी, ग्लायकॉल, उष्णता सगळं चालतं, फक्त पेट्रोलियम चालत नाही. डिझेल-रॉकेलने ते फुगतात आणि मऊ पडतात. त्यामुळे "रॉकेल मारा, स्वस्तात मस्त" हा सल्लाही बाद.

अबोली

नातू, पद्मिनीवर वेगळा धागा काढा ना. त्या दाराच्या हँडलचा आवाज अजून कानात आहे.

रत्नांग्रीकर

आमच्याकडे डागांची चैन नाही. खाऱ्या वाऱ्यात डाग पडायला रंग तरी शिल्लक राहायला हवा! बोनेट उघडलं की आधी उंदराचं घरटं काढायचं, मग इंजिन बघायचं. गेल्या पावसाळ्यात त्याने वॉशरची नळी, बोनेटखालचं फेल्ट आणि एक सेन्सरची वायर एवढा फराळ केला. डांबरगोळ्या ठेवल्या तर त्यांच्याच शेजारी झोपला.

इंजिन धुण्याचा एक फायदा मात्र खरा. खाण्याचे कण आणि वास गेला की उंदीर जरा कमी येतो. त्यावर कुणाचा ठोस उपाय असेल तर सांगा, डागांचं नंतर बघू.

शंकेखोर

मांजर. पण मग रंगावर पंज्यांचे डाग पडतात. धागा परत मूळ विषयावर.

नेकरकाठी

श्टुटगार्टहून लिहितोय. इकडे घरासमोर इंजिन धुणं हा विषयच नाही. तेलाचं पाणी गटारात किंवा जमिनीत जाता कामा नये, त्यामुळे तेल वेगळं करणारी टाकी बसवलेल्या धुण्याच्या जागीच ते करता येतं. तिथेही फलक लावलेला असतो, इंजिन धुवायला परवानगी आहे की नाही याचा. आपल्याकडे ते काळं पाणी कुठे जातं याचा धागाकर्त्याचं टोपणनाव वाचून विचार आला, माफ करा.

डागांबद्दल एक नवी शक्यता मांडतो, वॅगन आरला लागू नसेल, पण इतर वाचतील म्हणून. बऱ्याच युरोपीय गाड्यांत कारखान्यातूनच बोनेटखाली संरक्षक मेण फवारलेलं असतं. नवं असताना पारदर्शक, वर्षांनी पिवळट-तपकिरी होतं. डिग्रीझर मारला की ते अर्धवट निघतं आणि उरलेलं दुधाळ होतं. लोकांना वाटतं रंग गेला. रंग खाली शाबूत असतो. कोमट पाणी आणि सौम्य सॉल्व्हंट घेऊन धीराने उरलेलं मेण काढायचं किंवा सरळ वरून नवा थर द्यायचा. मी दुसरं केलं, कारण हिवाळ्यात इकडे रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मेणच पत्रा वाचवतं.

इथे दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी असते. त्याच्या आदल्या दिवशी इंजिन धुऊन नेलं तर तपासनीस संशयाने बघतो, गळती लपवलीय का म्हणून.

ओढ्याकाठचा

सर्वांचे आभार. नेकरकाठी, टोमणा पोचला :)

@मिस्त्री_नाना, लांबून फोटो टाकलाय. होय, सुरकुत्या बरोब्बर ब्रेक ऑइलच्या डबीखाली आहेत. तिच्या मागे जो मोठा गोल काळा डबा असतो, त्याच्या खालच्या अंगाचाही काळा रंग सोललाय. हे डिग्रीझरने झालं ना?

मिस्त्री_नाना

नाही. तो डाग डिग्रीझरचा नाही आणि इंजिन धुतलं नसतं तर तुम्हाला कधी दिसलाही नसता.

त्या गोल डब्याला बूस्टर म्हणतात. त्याच्या पुढे बसवलेला नळकांड्यासारखा भाग म्हणजे मास्टर सिलिंडर आणि त्याच्या डोक्यावर डबी. आपल्याकडे ब्रेक ऑइल म्हणतात खरं, पण ते तेल नाही. त्याच्या डॉट ३ आणि डॉट ४ या जाती म्हणजे ग्लायकॉल इथरच्या घराण्यातली रसायनं आहेत आणि गाडीच्या रंगाचा त्यांच्याइतका वैरी दुसरा नाही. रंग मऊ करतात, सुरकुतवतात, पत्र्यापासून सोडवतात. तेलमातीच्या लेपाखाली हा रंग केव्हाचाच सुटलेला असणार. डिग्रीझरने वरचा लेप काढला, प्रेशरच्या पाण्याने सुटलेला रंग उडवला, इतकंच.

आता ते तिथे आलं कुठून? दोन शक्यता. एक निरुपद्रवी, कुणीतरी भरताना सांडलंय आणि पाण्याने धुतलं नाही. दुसरी, ते झिरपतंय. डबी खाली ज्या रबरी बुचांत बसते तिथून किंवा मास्टर सिलिंडरच्या मागच्या सीलमधून. मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या तोंडावरून खाली ओघळतं आणि नेमका खालच्या अंगाचा रंग सोलतं. तुमचा फोटो मला तसाच दिसतोय, पण फोटोवरून निदान करणारा मिस्त्री मी नाही.

हे करा. डबीवरच्या खुणेला आज पातळी कुठे आहे ते बघा, फोटो काढून ठेवा. ती जागा भरपूर पाण्याने धुवा, ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं. धुताना डबीचं झाकण घट्ट असू द्या, आत पाणी जाता कामा नये. कोरडी करा आणि सिलिंडर-बूस्टरच्या सांध्याखाली पांढरा टिश्यू पेपर गुंडाळा. एकदोन दिवस जवळपास गाडी चालवून बघा ओला होतो का. पेडल मऊ लागत असेल किंवा दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर चालवूच नका, मिस्त्रीला घरी बोलवा. रंगाचं नंतर.

बोनेटबहाद्दर

हे मला माहीत नव्हतं. उद्या सकाळी स्वतःचं बोनेट उघडून बघतो.

आरटीओचा_शेजारी

सगळे डागांत गुंतलेत, मूळ काम राहिलं. पुनर्नोंदणीला पंचवीस नंबरचा फॉर्म लागतो आणि चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल फिरवून छाप घ्यावी लागते. त्या अक्षरांवर आणि आजूबाजूला कंपाउंड, वॉटर पेपर, तारेचा ब्रश यातलं काहीही फिरवू नका. अक्षरांच्या कडा बोथट झाल्या किंवा भोवतीचा पत्रा खरवडलेला दिसला तर तपासणारा आधी तुमच्याकडे बघेल, मग गाडीकडे. तिथे फक्त मऊ ब्रश, शाम्पू, पाणी. आणि रंगवायचा हट्टच असेल तर तो भाग चिकटपट्टीने झाकून. खाचांत रंग भरला तर छाप उठत नाही.

पर्यावरण कर भरावा लागेल हे गृहीत धरा. विमा, पीयूसी जिवंत ठेवा. तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची, म्हणजे नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागणार. ती लागली नसेल तर डाग ही सर्वांत छोटी काळजी आहे.

टॅक्सीवाल्याचा_नातू

नंबरप्लेटच्या धाग्यावर एवढी हाणामारी झालीय की इथे तो विषय नकोच.

बोनेटबहाद्दर

पण नाना, पांढऱ्या ओघळांना तरी कंपाउंड चालेल की नाही? शेवटी पॉलिशच करायचं तर ते व्हिनेगरचं लोणचं कशाला?

मिस्त्री_नाना

चालेल, पण बोनेटखालचा रंग आणि बाहेरचा रंग यांत फरक असतो हे लक्षात ठेवून. बाहेरच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि वरून काचेसारखा पारदर्शक थर, असं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात. त्यात वरचा पारदर्शक थर चाळीस-पन्नास. तुम्ही दिवाळीला घासता ते त्यातून जातं. बऱ्याच गाड्यांत बोनेटखाली तो पारदर्शक थर देतच नाहीत किंवा फवाऱ्याचा जेवढा उडाला तेवढाच असतो. ऊन लागत नाही, कुणी बघत नाही, मग कशाला घाला?

तपासायची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर वाटाण्याएवढं पॉलिश घ्या आणि आडोशाच्या जागी हलकं चोळा. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर वर पारदर्शक थर नाही, तुम्ही थेट रंग झिजवताय. साधा लाल किंवा पांढरा रंग असेल तर बेताने चालतं, वरची मेलेली साय निघून खालचा ताजा रंग दिसतो. चंदेरी किंवा मेटॅलिक असेल तर थांबा, त्यातली चमकी विस्कटते आणि डागापेक्षा मोठा ढग तयार होतो. कोपरे आणि पत्र्याच्या घड्या तर कुठल्याच रंगात घासू नका, तिथे थर सर्वांत पातळ असतो.

कंपाउंडपेक्षा बारीक पॉलिशने सुरू करा. नाही झालं तर एक पायरी वर. उलट कधीच नाही.

अबोली

बॅटरीच्या खालचा पत्राही बघून घ्या. आमच्याकडे तिथेही पांढरं-हिरवं काहीतरी होतं आणि रंगाला फोड आले होते. ते बॅटरीच्या आम्लाचं निघालं. खायच्या सोड्याचं पाणी टाकलं की फसफसतं, थांबलं की धुवायचं. बॅटरीच्या बुचांमधून सोडा आत जाऊ द्यायचा नाही. म्हणजे इथे अल्कलीचा उतारा आम्लावर, तिकडे आम्लाचा उतारा अल्कलीवर. रसायनी, बरोबर ना?

रसायनी

शंभरपैकी शंभर. फक्त व्हिनेगरची आणि सोड्याची बाटली एकाच हातात घेऊ नका. दोन्ही मिसळून "घरगुती क्लीनर" करणारे व्हिडिओ बघते तेव्हा हसू येतं. एकाने दुसरं मारलं की उरतं जवळजवळ नुसतं पाणी.

निवांत

वाचनखूण साठवली. एक प्रश्न, पुढच्या वेळी धुवायचंच असेल तर काय सांगून धुवायचं?

मिस्त्री_नाना

इंजिन हाताला कोमट लागेल इतकंच, जास्त गरम नको. गाडी सावलीत. बॅटरीची निगेटिव्ह काढा. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. डिग्रीझर डब्यावर लिहिलंय त्या मापात पाणी घालून, हातभर जागेपुरताच. खालून वर फवारा, वरून खाली मारला तर कोरड्या पत्र्यावर ओघळ उतरतात आणि तिथेच पट्टे पडतात. ब्रश फिरवा, वाळायच्या आत धुवा, मग पुढची जागा. प्रेशर गन लांब ठेवा, साध्या नळीचं पाणी पुरतं. स्पार्क प्लगच्या खळग्यात पाणी साचलं तर गाडी मिसिंग करते, ते हवेने उडवा. शेवटी फडक्याने कोरडं करा. आणि त्या पोराला चहा आधी पाजा.

ओढ्याकाठचा

उशिराने हजेरी लावतोय, गाडी मिस्त्रीकडे होती.

टिश्यू पेपर ओला झाला. डबीतली पातळीही फोटोतल्यापेक्षा खाली आली होती. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलंय असं आमच्या मिस्त्रीनेही सांगितलं. त्याने सील किट न टाकता अख्खं सिलिंडर बदललं, म्हणाला आतली भिंत खरवडलीय. ब्रेकमधली हवा काढली, पेडल आता टणक आहे. खरं सांगायचं तर आधी मऊ होतं हे आत्ता कळतंय, रोज चालवताना सवयीचं झालं होतं.

पांढऱ्या ओघळांचं सांगायचं तर मडगार्डच्या आतले बहुतेक सगळे व्हिनेगरच्या पाण्याने गेले. अबोलीताईंचा अंदाज बरोबर, वॉशिंग सेंटरचं पाणी बोअरचंच आहे. शॉकअपच्या टोप्यांभोवतीचे गेले नाहीत. तिथे नानांची युक्ती केली, फडकं लाल झालं. म्हणजे पारदर्शक थर नाही. बारीक पॉलिशने हलक्या हाताने नव्वद टक्के निघाले, उरलेले सोडून दिले.

बूस्टरचा सोललेला भाग आणि त्याखालचा पत्रा मिस्त्रीकडच्या पोराने वॉटर पेपरने घासून, प्रायमर देऊन स्प्रेच्या डब्याने रंगवला. लाल रंगाची छटा जुळली नाही, आत आहे म्हणून चालवून घेतली. ॲल्युमिनियम तसंच ठेवलंय. चेसिस नंबर स्वच्छ वाचता येतो, छापही नीट उठली. आता आरटीओची तारीख मिळायची वाट बघतोय.

@मिस्त्री_नाना, पुण्यात आलात तर कळवा, मिसळ माझ्याकडून.

मिस्त्री_नाना

सिलिंडर बदललं हे चांगलं झालं. नव्या रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडू देऊ नका, डब्याचा रंग तर कारखान्याच्या रंगापेक्षा लवकर सुटतो. महिनाभर अधूनमधून तिथे बोट फिरवून बघा. मिसळ लक्षात ठेवतो.

बोनेटबहाद्दर

माझ्या दोन्ही गाड्यांचं बूस्टर कोरडं आहे. शिवाय नानांच्या युक्तीने पांढरं फडकं फिरवून बघितलं, एका गाडीत रंग उतरला, दुसरीत नाही. दिवाळीला निम्मंच काम.

रत्नांग्रीकर

उंदराचं कुणीच काही बोललं नाही.

भटक्या_बुलेट

@रसायनी, जाता जाता. माझ्या बाइकचं इंजिन कव्हर सर्व्हिसिंगनंतर असंच काळपट-डागाळ झालंय. वर पारदर्शक लॅकर होतं, ते एका बाजूला उडालंय, एका बाजूला आहे. मेटल पॉलिश लावू?

रसायनी

लॅकर आहे त्या भागाला मेटल पॉलिशचा उपयोग नाही, ते धातूपर्यंत पोचतच नाही, आणि नाही त्या भागाला लावलंत तर दोन भागांतला फरक आणखी उठून दिसेल. आधी उरलेलं लॅकर पूर्ण काढावं लागेल, मग पॉलिश, मग पुन्हा उष्णता सहन करणारं लॅकर. कव्हर उतरवून करणार असाल तर गॅस्केट नवं आणून ठेवा, जुनं बहुधा तुटतं. फोटो टाका, तोवर काही लावू नका.